उजवी बाही

आईच्या मापवहीत मला तिचंच पान सापडलं, तेव्हा मी दुसरंच पान शोधत होते. २०२४ चा श्रावण. शेजारच्या गल्लीतल्या नव्या नवरीचं मंगळागौरीचं ब्लाउज राहिलं होतं आणि आई स्वयंपाकघरातून भाकरी थापता थापता ओरडून सांगत होती, "निळ्या पुठ्ठ्याची वही बघ, शेवटनं दहा-बारा पानं मागं." आईच्या वहीत प्रत्येक पानाला नाव असतं. बँकेतल्या बाई, दूधवाल्याची थोरली सून, वरच्या आळीतल्या काकू. मागे जाता जाता एक पान आलं, त्यावर नाव नव्हतं. कोपऱ्यात नुसतं 'घरचे' लिहिलेलं. उंची १४. छातीचा रकाना मोकळा. मुंढ्याचं माप दोनदा खोडलेलं. आणि दंडघेरात दोन आकडे, एकाखाली एक. डावा ११. उजवा ११॥, आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात 'संक्रांत'. साडेअकरावर काट मारून १२, 'पाडवा'. बारावर काट मारून १२॥, 'वटपौर्णिमा'. त्यावरही काट, आणि शेवटी १३, पेन्सिलीनं दोनदा गिरवलेला. पुढे 'नागपंचमी'. नागपंचमी होऊन चारच दिवस झाले होते.

आतून भाकरीची थाप ऐकू येत होती. आईच्या भाकरीचा आवाज मला लहानपणापासून पाठ आहे, दोन्ही हातांचा, एकसारखा. त्या दिवशी तो एका हाताचा येत होता. किती महिने तसा येत होता, देव जाणे. मी सांगलीच्या विश्रामबागेत राहते, आई-बाबा जुन्या गावभागात. स्कूटरवरून पंधरा मिनिटं. आठवड्यातून तीनदा मी त्या घरात जेवते.

ब्लाउजचं पान न शोधता मी वही घेऊन आत गेले. आईनं पान बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तव्यावरची भाकरी उलटली. "कामानं सुजतोय गं. रोग गेला म्हणाले न्हवं? मग बाहीला काय, सोडायची अर्धा इंच. माया असतीच की आत." शिवणकाम करणाऱ्या घरात वाढलेल्यांना हे सांगायला नको, पण शिलाईच्या आत जास्तीचं कापड ठेवतात त्याला माया म्हणतात. अंगानं वाढलं की टीप उसवून तेवढं मोकळं करता येतं. चाळीस वर्षं आई दुसऱ्यांच्या ब्लाउजात दोन्ही बाजूंना बोटभर माया ठेवत आली. स्वतःच्या उजव्या बाहीतली माया तिनं आठ महिन्यांत संपवली होती आणि कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

बाबा दारात उभे होते. साखर कारखान्यात हयात गेलेला माणूस, बोलायचं झालं तरी वजनकाट्यावर तोलून बोलणारा. "मलाबी वाटलं, मशीन चालवून सुजलाय," एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन बसले.

आईचं कॅन्सरचं ऑपरेशन २०२२ च्या दिवाळीनंतर झालं होतं. उजवा स्तन आणि काखेतल्या गाठी. रिपोर्टात लिहिलं होतं, चौदा गाठी काढल्या, दोन गाठींत रोग. तेव्हा आम्ही सगळे त्या 'दोन'कडेच बघत राहिलो. चौदा काढल्या म्हणजे त्या चौदा गाठी तिथं काहीतरी काम करत असणार, हे एकाच्याही मनात आलं नाही. ऑपरेशननंतर काखेखालून एक नळी बाहेर सोडली होती, तिच्या टोकाला चेपता येणारी प्लास्टिकची डबी. रोज सकाळी बाबा ती डबी रिकामी करायचे आणि किती मिली पाणी आलं ते कॅलेंडरवर लिहायचे. १२०. ९०. ८५. आधी लालसर, मग ताकातल्या निवळीसारखं पिवळं. दिवसाला तीसच्या खाली आलं की नळी काढायची असं सांगितलेलं, म्हणून त्या आकड्याची आम्ही परीक्षेच्या निकालासारखी वाट बघायचो. अठ्ठावीस आलं त्या दिवशी बाबांनी पेढे आणले. ते पाणी कुठलं, नळी काढल्यावर ते जाणार कुठं, हे विचारायचं सुचलंच नाही.

मग केमो झाले. मग पंचवीस दिवस शेक. आमच्याकडे रेडिएशनला शेकच म्हणतात, आणि आईही ते चुलीपुढं बसून आल्यासारखं सांगायची, "आज शेक झाला, उद्याची सुट्टी." घरी पाठवताना दवाखान्यानं दिलेल्या कागदावर गोळ्या होत्या, जखमेची काळजी होती, पुढची तारीख होती. हाताबद्दल एक ओळ होती, 'हाताची हालचाल चालू ठेवावी'. हात सुजू शकतो, त्या हाताला शक्यतो सुई देऊ नये, त्यावर रक्तदाबाचा पट्टा बांधू नये, भाजू-कापू देऊ नये, जड वाटायला लागला की लगेच या, यातलं काही कुणी सांगितलं नाही. मला आजही याचा राग येतो. काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या बायकांत साधारण पाचातल्या एकीचा हात पुढे सुजतो, वर शेक घेतलेला असेल तर धोका आणखी वाढतो. एवढं ठाऊक असलेली गोष्ट सांगायला दोन मिनिटं लागतात. ज्या बाईचं पोट कात्रीवर आणि सुईवर आहे, तिला तर ती आधी सांगायला हवी होती. उजव्या हाताच्या बोटात आईला दिवसातून दोनदा तरी सुई टोचते.

मिरजेला एक फिजिओथेरपिस्ट अशा सुजलेल्या हातांचं मालिश करते असं कळलं. १८९४ मध्ये मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी दवाखाना काढला तेव्हापासून आजाराची माणसं घेऊन गाड्या मिरजेच्या दिशेनं धावत आल्या आहेत. आम्हीही निघालो. ती फिजिओथेरपिस्ट मुलगी तिशीचीही नसेल. तिनं आईच्या हातावर मनगटापासून वर दर चार सेंटिमीटरला पेनानं खूण केली आणि प्रत्येक खुणेवर टेप लावून आकडा लिहिला. मग डाव्या हाताचं तसंच. आई टेपकडे अशी बघत होती की मला भरून आलं. आयुष्यभर तिनं बायकांच्या दंडाभोवती टेप फिरवला, हात सैल सोडा म्हणाली, श्वास रोखू नका म्हणाली. आज तेच कुणीतरी तिला म्हणत होतं. "टेप जरा ढिला पडतोय तुझा," ती त्या मुलीला म्हणाली, आणि मुलीनं खरंच पुन्हा लावून बघितला. दोन्ही हातांत दोन सेंटिमीटरचा फरक पडला की लक्ष द्यायचं असतं, ती म्हणाली. आईच्या दंडात पाच होता. वहीतल्या हिशेबानं अडीच सेंटिमीटर पाडव्यालाच झाले होते.

मला वाटलं होतं, आता तेल येईल.

मालिश म्हटलं की आमच्या डोळ्यांपुढे तेल येतं आणि जोर येतो. हा तालमींचा मुलूख. कवठेपिरानच्या हिंदकेसरी मारुती मानेंचं नाव घेतल्याशिवाय इथल्या म्हाताऱ्यांच्या गप्पा संपत नाहीत. अंग रगडून घेणं म्हणजे काय ते इथं पोरांनाही कळतं. आणि बायकांचं मालिश म्हणजे बाळंतिणीचं. माझ्या मुलाच्या वेळी चाळीस दिवस मालिशवाली यायची, पण तिचा हात आईला पटायचा नाही. ती गेली की आई पदर खोचून स्वतः बसायची. कोमट तिळाचं तेल, त्यात ओव्याचा वास, आणि पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी खालून वर येणारे तिचे अंगठे. मी विव्हळले की म्हणायची, "दुखतंय तिथंच दडलेलं असतंय, हात लावल्याबिगर निघत न्हाई." तिच्या मायेची भाषा ती होती. पोटात दुखलं तर चोळ, पाय दुखले तर तुडव, ताप आला तर कपाळ दाबून धर. कुरवाळणं आमच्या घरात नव्हतंच. मला आठवत नाही, आईनं कधी गालावरून नुसता हात फिरवल्याचं.

त्या मुलीनं तेल घेतलं नाही. हात कोरडे. आईला पाठीवर निजवलं, पदर बाजूला केला, आणि सुजलेल्या हाताकडे बघितलंही नाही. गळ्यापाशी, हासळीच्या हाडाच्या वर जी खळी असते, तिथं दोन्ही बाजूंना बोटं टेकवली आणि कातडी हलकेच खाली ताणून सोडली. ताणली, सोडली. पाच-सात वेळा, अगदी सावकाश. मग आईला पोटात खोल श्वास घ्यायला लावले. मग डाव्या, चांगल्या बाजूच्या काखेत तसंच. मग उजव्या जांघेत. आजारी हाताला अजून स्पर्श नाही. आईनं एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचा अर्थ मला कळत होता. एवढ्या लांब आलो ते यासाठी?

"जोर लाव की गं," शेवटी ती म्हणालीच. "मांजर कुरवाळल्यागत काय करतीस?"

मुलगी हसली नाही, चिडलीही नाही. तिनं विचारलं, "काकू, तुम्ही सांगलीच्या ना? पूर आला की तुम्ही सगळे कुठल्या धरणाची चौकशी करता?" "कोयनेची," आई म्हणाली, आणि लगेच, "आणि अलमट्टीची." "अलमट्टी तर खालच्या अंगाला, कर्नाटकात. पाणी वरून येतं, मग खालची चौकशी कशाला?" आई गप्प झाली. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "म्होरं वाट असली तर हितलं उतरंल न्हवं."

गावभागातल्या माणसाला यापुढे काही समजावून सांगावं लागत नाही. पावसाळ्यात आमचा दिवस कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी मोजलेल्या पाण्याच्या आकड्यानं उगवतो. चाळीस फूट म्हणजे इशारा, पंचेचाळीस म्हणजे धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तो आकडा साडेसत्तावन्न फुटांवर गेला, तेव्हा आईचं मशीन माळ्यावर आणि आम्ही माझ्या विश्रामबागेतल्या दोन खोल्यांत. तेव्हाही पाणी आधी रस्त्यावरून आलं नव्हतं. ते नाल्यातून, गटारातून उलटं वर आलं, जिथून एरवी जातं तिथूनच. मोरीच्या जाळीतून बुडबुडे यायला लागले तेव्हा आई म्हणाली होती, "चला, आता थांबण्यात राम न्हाई." आणि पाणी उतरताना किती सावकाश उतरलं. सगळ्या गावानं मिळून ढकललं असतं तरी ते इंचभर लवकर उतरलं नसतं. भिंतीवरची त्याची रेघ बाबांनी अजून पुसू दिलेली नाही.

त्या मुलीनं मग जे सांगितलं ते मी घरी येऊन, रात्री जागून, वाचून पक्कं केलं. रक्तातून जे पाणी शरीराच्या पेशींपाशी झिरपतं, ते सगळंच्या सगळं शिरांतून परत येत नाही. उरलेलं गोळा करून आणणारी आणखी एक वाट अंगात असते, तिच्यातून वाहतं त्याला लसिका म्हणतात. दिवसाला दोन-तीन लिटर. तिला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांच्या भिंती आपल्या आपण हळूच आकसतात, बारीक झडपा मागे येऊ देत नाहीत, स्नायू हलले आणि श्वास खोल गेला की पुढे सरकायला मदत होते, आणि शेवटी हासळीच्या मागे ती पुन्हा रक्तात मिसळते. म्हणून सुरुवात गळ्यापासून. काखेतल्या गाठी या वाटेवरच्या चौक्या. आईच्या उजव्या चौक्या गेल्या होत्या, म्हणून हातातलं पाणी छातीवरून डाव्या काखेकडे, कुशीवरून जांघेकडे, अशा आडवाटांनी न्यायचं. बाबा कॅलेंडरवर मिलीत मोजायचे ते पिवळं पाणी पुष्कळसं हेच होतं. नळी काढली, पेढे वाटले, आणि ते हातात साठत राहिलं.

आणि जोर का लावायचा नाही, तेही तेव्हा कळलं. या वाटेची सुरुवात कातडीच्या अगदी लगत, कोळ्याच्या जाळ्याहून नाजूक नळ्यांत होते. त्यांच्या भिंती बारीक दोऱ्यांनी आजूबाजूला बांधलेल्या असतात. कातडी हलकेच ताणली की ते दोरे ओढले जातात आणि भिंतीतली फट उघडते, पाणी आत शिरतं. दाबून धरलं तर नळीच मिटते. मी हे आईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे चुण्यांच्या दोऱ्यागत. हिसका दिला की तुटतोय, हळू वढला की कापड सरकतंय." मी वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात इतकं नेमकं लिहिलेलं नव्हतं.

हे हलक्या हाताचं काम एका डॅनिश नवरा-बायकोनं बसवलं, एमिल आणि एस्ट्रिड व्होडर. १९३० च्या दशकात ते फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या कान नावाच्या शहरात रोग्यांना मालिश करायचे. सर्दी जुनी झालेली, मानेतल्या गाठी सुजलेली माणसं त्यांच्याकडे यायची. या गाठींना हात लावू नये असा तेव्हाचा रिवाज असताना त्यांनी तो लावला, पण इतका हलका की नुसती कातडी सरकावी. १९३६ मध्ये पॅरिसला त्यांनी तो लोकांपुढे ठेवला. मला मात्र एस्ट्रिडबाईंबद्दल वाटत राहतं. दोघांतल्या कुणाच्या बोटांना ते आधी कळलं असेल?

घरी रोज करायचं मी शिकले. तीन आठवडे मिरजेला जाऊन, त्या मुलीच्या हाताखाली हात ठेवून. पहिल्या दिवशी तिनं माझी बोटं आपल्या मनगटावर ठेवायला लावली आणि म्हणाली, "अजून हलकं." मी कमी केलं. "अजून." मला वाटलं आता तर मी हात लावलेलाच नाही. "हां, एवढंच." आईच्या कातडीवर लाली आली तर समजायचं, जास्त झालं.

पहिली रात्र मला विसरता येत नाही. बाबांना बाहेरच्या खोलीत बातम्या लावून दिल्या होत्या. आई कॉटवर आडवी झाली, पोलक्याची हुकं तिनं स्वतः डाव्या हातानं काढली आणि तोंड भिंतीकडे केलं. ऑपरेशनला पावणेदोन वर्षं झाली होती, पण ती जागा मी पहिल्यांदा बघत होते. ड्रेसिंगच्या वेळी नर्स असायची, नंतर आई आंघोळीचं दार लावून घ्यायची. छातीच्या हाडापासून काखेपर्यंत एक आडवी रेघ. शेकानं भोवतालची कातडी काळपट, तकतकीत झालेली, एका ठिकाणी आत ओढलेली. मला काय वाटलं ते नीट सांगता यायचं नाही. दुःख होतंच, पण पहिला विचार आला तो हा की टाके किती सरळ घातलेत. तो आईचा विचार होता, माझ्या डोक्यात आलेला. "शिलाई बरी केलीय न्हवं?" भिंतीकडे बघत आई म्हणाली. मी होय म्हणाले आणि हासळीच्या खळीत बोटं टेकवली.

तिथं नाडी लागत होती. कातडी पातळ, वयानं सैल झालेली, रेशमी अस्तरासारखी बोटाखाली सरकणारी. ताणायची, सोडायची. मनात एक-दोन-तीन. पहिली पाच मिनिटं आईचं अंग ताठ होतं, कुणीतरी जखमेवरची पट्टी ओढणार आहे असं. डाव्या काखेपर्यंत आले तेव्हा श्वास सुटला. छातीवरून आडवं जाताना त्या रेघेच्या कडेनं जावं लागतं, तिथं माझाच हात थबकला. "दुखत न्हाई तिथं," ती म्हणाली, "काही कळतच न्हाई." मग दंड. वरच्या भागापासून सुरुवात, मग कोपर, मग खाली, आणि प्रत्येक वेळी ओढ वरच्या बाजूला. सुजलेली कातडी निराळी लागते. कणीक तिंबून तासभर ठेवली की लागते तशी, बोट उचललं की खळगा थोडा वेळ तसाच राहतो. पस्तीस-चाळीस मिनिटं झाली. मनगटापर्यंत पोचले तेव्हा आई झोपली होती, तोंड किंचित उघडं. बाहेर बातम्या कधीच बंद झाल्या होत्या आणि बाबा उंबऱ्याशी पाठ करून बसले होते, मुद्दाम आमच्याकडे न बघता.

मी इतका वेळ आईला कधी हात लावला नव्हता.

मालिशनं एकट्यानं सूज हटत नाही, हे त्या मुलीनं पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं होतं. खरं काम पट्ट्यांचं. मालिश झाल्यावर बोटांपासून काखेपर्यंत पट्ट्या बांधायच्या, खाली घट्ट आणि वर जाताना हलक्या, आत फोमची गादी. दुकानातला साधा क्रेप चालत नाही, फार ताणला न जाणारी पट्टी लागते. बांधलेल्या हातानं काम करायचं, म्हणजे स्नायू आतून ढकलतो आणि पट्टी बाहेरून अडवते. मग सूज उतरली की हाताच्या मापाचा दाबाचा मोजा. कातडीला कोरड पडू द्यायची नाही. गाठी काही परत उगवत नाहीत, तेव्हा हे असं कायमचंच. पट्ट्या गुंडाळायचं काम आईनं घेतलं. उरेब, म्हणजे तिरक्या कापलेल्या, पट्टीची गुंडाळी करावी तशी, एकही सुरकुती न पडता, मशीनच्या फळीवर ओळीनं मांडलेल्या. बांधताना बाबा शेवटचं टोक धरतात आणि चिकटपट्टी लावतात, ते काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. एप्रिलमध्ये सांगलीचं ऊन चाळिशीपाशी असतं तेव्हा त्या पट्ट्यांत काय होत असेल, ते आईलाच माहीत. संध्याकाळी सोडल्या की हातावर कापडाची वीण उमटलेली असते. ती त्यावर पाणी घेत नाही, आधी नुसती फुंकर घालते.

एकदा मी मोठी चूक करणार होते. डिसेंबरमध्ये भाजी चिरताना विळीनं आईचं उजवं बोट कापलं, तिनं हळद दाबली आणि विसरली. दुसऱ्या रात्री मी बसले तर हात गरम लागला, दंडापर्यंत लालसर आणि कडक. मला वाटलं सूज वाढलीय, आज जास्त वेळ करू. गळ्याशी हात नेला तर आई कुडकुडत होती. मी मिरजेला फोन केला. ती मुलगी इतक्या कडक आवाजात कधी बोलली नव्हती. "हात लावू नका. पट्टी नको. आत्ता डॉक्टरकडे." असा जंतुसंसर्ग झाला की मालिश करायचं नसतं, आणि चार तास उशीरही परवडत नाही. रात्री साडेदहाला आम्ही निघालो. सलाईन आणि इंजेक्शन लावायला सिस्टरनं उजवा हात धरला तेव्हा अंगात एकशे दोन ताप असलेल्या माझ्या आईनं तो सोडवून घेतला, डावा पुढे केला आणि म्हणाली, "ह्या हाताला सुई चालत न्हाई." पाच दिवसांनी ती घरी आली. आता शिवताना उजव्या हाताच्या दोन बोटांत अंगुस्तान असतं, आणि बोटाला खरचटलं तरी ती मला फोन करते. पूर्वी ताप आला तरी करत नव्हती.

बायका विचारतात. वहीत मापं द्यायला येतात आणि नजर पट्टीवर जाते. एकीनं 'हत्तीरोग झालाय का' असंही विचारलं. तो डास चावून शरीरात गेलेल्या जंतांमुळे होतो, वाट मात्र तीच बुजते, तेव्हा तिचं विचारणं काही अगदीच चूक नव्हतं. आईनं तिला खाली बसवलं आणि आपल्या हाताचं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "तुमच्या जावेचं ऑपरेशन झालंय न्हवं? तिचा हात कधी मापलाय? टेप घेऊन जावा माझा." त्या बाईनं टेप नेला. परत आणून दिला तेव्हा सोबत जाऊही आली होती. आईनं तिचे दोन्ही दंड मोजले आणि मापवहीत नवीन पान सुरू केलं. अशी आता चार पानं आहेत. त्यांतल्या कुणीही ब्लाउज शिवायला टाकलेलं नाही.

बांगड्यांचं मात्र सुटलेलं नाही. भाचीच्या लग्नात चुडा भरायला कासार आला होता. सगळ्यांचे दोन्ही हात भरून झाले, आईची पाळी आली. तिनं डावा हात दिला. कासारानं पंजा चेपून, अंगठा आत घेऊन सर सर बांगड्या चढवल्या, मग न बघताच दुसरा हात मागितला. आईनं उजवा पदराखाली घेतला. "त्याला नको." कासार थांबला, पण आग्रह केला नाही, उरलेला अर्धा चुडा कागदात गुंडाळून तिच्या डाव्या हातात दिला. तो कागद तिच्या कपाटात आहे, साड्यांच्या घडीखाली. मालिश करताना तिच्या उजव्या मनगटावर बांगड्यांची जुनी फिकी रेघ माझ्या बोटाखाली येते. मी तिथं एकदा जास्तच करते. त्याला शास्त्र काही नाही.

गेल्या पाडव्याला मी गेले तेव्हा आई मशीनवर होती. स्वतःचंच ब्लाउज, मोरपंखी खणाचं. "वही घे आणि लिही," म्हणाली. मी पट्टी सोडली, टेप लावला. तिनं आकडा बघू दिला नाही, आधी टेप दोनदा सारखा करून घेतला. डावा ११. उजवा ११॥ आणि वर दोन दोरे, म्हणजे किंचित जास्त. मी 'घरचे'वर काट मारून आईचं नाव लिहिलं. छातीचा रकाना तिनं सांगून भरून घेतला, आवाज न बदलता, डावी-उजवी वेगळी.

मग तिनं उजवी बाही साडेअकरावर आवळली. बाजूनं दीड इंच कापड आत राहिलं होतं. मी कात्री उचलली, एवढं जाड दंडाला टोचेल, कापून टाकू का विचारलं. तिनं कात्री माझ्या हातातून काढून घेतली, जास्तीचं कापड आत दुमडलं आणि अंगठ्याच्या नखानं घडी बसवली.

"राहू दे माया," ती म्हणाली. "पावसाळा यायचाय अजून. आणि हात धुऊन ये, नऊ वाजले. आज झोपायच्या आधी करू."